माजी आमदाराची कारकीर्द कागदांतून वाचताना

माजी आमदारावरचा लेख साधारण एकाच साच्यातला असतो. किती वेळा निवडून आले, कोणत्या पक्षातून कोणत्या पक्षात गेले, मंत्रिपद मिळालं की हुकलं. वाढदिवसाच्या पुरवणीत हेच आणि निधनाच्या बातमीतही हेच. यातून ती व्यक्ती निवडणुका कशा लढली ते कळतं. आमदार म्हणून तिनं काय केलं ते कळत नाही. आमदारकीचं मुख्य काम सभागृहात होतं, त्याची छापील नोंद राहते आणि शोधली तर ती सापडते. ती कशी वाचायची, कुठे फसगत होते आणि मुंबईच्या बाबतीत काय काय सांभाळावं लागतं, ते इथे लिहितो आहे.

उदाहरण म्हणून मुंबईच्या समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांची कारकीर्द घेतली आहे. १९६१ मध्ये मुंबई महापालिका, १९७२ मध्ये मालाडमधून विधानसभा, १९७७ मध्ये मुंबई उत्तरमधून लोकसभा, १९८५ मध्ये पुन्हा विधानसभा. नुसत्या निवडणुका मोजल्या तर ही कारकीर्द दोन ओळींत संपते. प्रश्न कोणता होता आणि तो कोणत्या सभागृहाच्या अखत्यारीत होता, हे दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं की तिचा अर्थ लागतो. कोणत्याही माजी आमदाराला हीच फूटपट्टी लावावी असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात तारखांपासून करावी, कारण सगळ्यात जास्त गल्लत तिथेच होते. महाराष्ट्रात विधानसभेच्या निवडणुका १९६२, १९६७, १९७२, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९५, १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा झाल्या. ‘एक टर्म म्हणजे पाच वर्षं’ असं धरून चाललात तर हिशेब जुळणार नाही. १९७२ ची विधानसभा आणीबाणीच्या काळातल्या मुदतवाढीमुळे जवळपास सहा वर्षं चालली. उलट १९७८ ची विधानसभा फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाली, म्हणजे जेमतेम दोन वर्षं. १९९५ ची मुदतीआधी संपली, कारण १९९९ मध्ये लोकसभेबरोबरच विधानसभेचीही निवडणूक घेतली गेली. त्यामुळे १९७८ आणि १९८० असे दोनदा निवडून आलेले आमदार सभागृहात सात वर्षं होते, तर १९७२ मध्ये एकदाच निवडून आलेले सहा वर्षं. कागदावर पहिला ‘दोन टर्मचा’ आणि दुसरा ‘एका टर्मचा’ दिसतो, कामाच्या वर्षांत मात्र फरक एकाच वर्षाचा.

विधानसभांच्या क्रमांकाकडेही लक्ष असू द्या. १ मे १९६० ला राज्य झालं तेव्हाची विधानसभा पहिली धरतात, म्हणून १९६२ ची दुसरी आणि १९७२ ची चौथी होते. सध्याची, म्हणजे २०२४ ची, पंधरावी. जुन्या खंडांवर कधी फक्त अधिवेशनाचं वर्ष असतं, कधी विधानसभेचा क्रमांकही असतो. दोन्हींचा मेळ घातल्याशिवाय टिपण करू नये.

मृणालताईंच्या बाबतीत आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. मार्च १९७७ मध्ये त्या लोकसभेवर गेल्या तेव्हा १९७२ ची विधानसभा अजून चालू होती. एकाच वेळी दोन्हीकडे सदस्य राहता येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १०१ नुसार आणि १९५० च्या नियमांनुसार निवडीची घोषणा राजपत्रात आल्यापासून १४ दिवसांत राज्यातली जागा सोडावी लागते, नाहीतर संसदेतली जागा रिकामी होते. म्हणून त्यांची पहिली आमदारकी १९७७ मध्येच संपते, १९७८ मध्ये नाही. आमदारकीतून खासदारकीत गेलेल्या प्रत्येकाच्या बाबतीत ही तारीख तपासावी.

‘आमदार’ शब्दावरही थांबायला हवं, कारण विधानसभेचे सदस्य आमदार आणि विधान परिषदेचेही आमदार. परिषदेत ७८ जागा आहेत: ३० विधानसभेचे सदस्य निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांमधून येतात, ७ पदवीधर आणि ७ शिक्षक मतदारसंघांतून येतात, तर १२ राज्यपाल नेमतात. मुंबईला पदवीधर, शिक्षक आणि नगरसेवकांनी निवडून द्यायच्या जागा अशा तिन्ही वाटा आहेत. परिषदेची मुदत सहा वर्षांची असते आणि सभागृह कधी बरखास्त होत नाही. त्यामुळे परिषदेच्या आमदाराचा शोध विधानसभेच्या निकालपत्रात घेतलात तर काहीच हाती लागणार नाही.

आता मतदारसंघ. १९७२ चा मालाड आणि आजचा मालाड पश्चिम हे एक नव्हेत. १९७२ मध्ये राज्यात २७० जागा होत्या, १९७८ पासून २८८ झाल्या. पुढची मोठी फेररचना २००९ च्या निवडणुकीपासून लागू झाली. मुंबईच्या ३४ जागांच्या ३६ झाल्या, त्यातल्या १० शहरात आणि २६ उपनगरात. आजच्या यादीत दिंडोशी १५९, कांदिवली पूर्व १६०, चारकोप १६१, मालाड पश्चिम १६२, गोरेगाव १६३ आणि वर्सोवा १६४ आहे. जुन्या मालाड-गोरेगावचा मुलूख या नावांमध्ये वाटला गेला आहे. म्हणून ‘या मतदारसंघाचे आजवरचे आमदार’ अशी सलग यादी दिसली की ती तीन वेगवेगळ्या नकाशांवर पसरलेली असते हे ध्यानात ठेवावं. नाव तेच राहिलं तरी वस्त्या बदललेल्या असतात. मतांची टक्केवारी फेररचनेच्या अलीकडची आणि पलीकडची शेजारी ठेवून ‘जनाधार घटला’ असा निष्कर्ष काढणं चूक आहे, आणि असे निष्कर्ष सर्रास काढले जातात. ते टाळायचे तर परिसीमनाचा, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी ठरवणारा, आदेश उघडून मतदारसंघाची हद्द वाचावी. त्यात प्रभाग, रस्ते, नाले आणि रेल्वेमार्ग यांच्या आधारे सीमा दिलेल्या असतात. कंटाळवाणं वाचन आहे, पण त्याला पर्याय नाही.

निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल संकेतस्थळावर फुकट मिळतात. प्रत्येक मतदारसंघातले उमेदवार, पक्षाचं संक्षिप्त नाव, मतं आणि टक्के असा तपशील त्यांत असतो. या अहवालांत पक्षाच्या रकान्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. १९७७ हे त्याचं ठळक उदाहरण. जनता पक्ष तेव्हा नुकताच एकत्र आला होता आणि त्याचे बहुतेक उमेदवार भारतीय लोकदलाच्या चिन्हावर लढले. त्यामुळे आयोगाच्या अहवालात मृणाल गोरे भारतीय लोकदलाच्या म्हणून नोंदल्या आहेत. समाजवादी चळवळीत वाढलेली नेता अचानक शेतकऱ्यांच्या पक्षात कशी गेली, असा प्रश्न अहवाल वाचून एखाद्याला पडेल, पण तो केवळ चिन्हाचा परिणाम आहे. १९८४ च्या लोकसभेला मनोहर जोशी भाजपच्या कमळावर लढले, तेही याच प्रकारात मोडतं. अलीकडच्या काळात २०२२ नंतर शिवसेनेची आणि २०२३ नंतर राष्ट्रवादीची फूट झाली, तेव्हा २०१९ च्या निकालात दिसणारा पक्ष आणि त्याच आमदाराचा नंतरचा पक्ष वेगळा असू शकतो. टिपणात दोन रकाने करावेत: ज्या चिन्हावर निवडून आले ते आणि सभागृहात ज्या गटात बसले तो.

पक्षांतराची नोंद करताना कायद्याचा काळही बघावा. पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची १९८५ मध्ये राज्यघटनेत आली. त्याआधी पक्ष सोडल्यानं आमदारकी जात नव्हती. १९८५ ते २००३ या काळात एक तृतीयांश सदस्य फुटले तर ती ‘फूट’ धरून त्यांना संरक्षण होतं. ९१ व्या घटनादुरुस्तीनं ते काढलं आणि दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाचीच सवलत उरली. १९७८ मधलं पक्षांतर आणि १९९१ मधलं पक्षांतर एकाच मापानं तोलता येत नाही ते यामुळे.

पोटनिवडणुका या अहवालांत सापडत नाहीत. डिसेंबर १९८७ ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक मुंबईच्या राजकारणात फार महत्त्वाची, पण १९८५ आणि १९९० चे अहवाल कितीही चाळले तरी ती दिसणार नाही. डॉ. रमेश प्रभू तिथून निवडून आले, एप्रिल १९८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं धर्माच्या नावानं मतं मागितल्याच्या कारणावरून निवड रद्द केली आणि ११ डिसेंबर १९९५ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय कायम केला. अशा प्रकरणात आमदारकीचा काळ निकालपत्रावरून ठरत नाही, निवाड्यावरून ठरतो. म्हणून निवडणूक याचिका झाली होती का, हेही एकदा शोधून घ्यावं.

सांगाडा उभा राहिला की खरं वाचन सुरू होतं. विधिमंडळाच्या कार्यवाहीचे खंड विधानमंडळाच्या ग्रंथालयात आहेत आणि बराच भाग संकेतस्थळावरही आहे. १९८१ पर्यंतची मुंबईतली अधिवेशनं रिगलजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये व्हायची, त्यानंतर नरिमन पॉइंटच्या विधान भवनात. हिवाळी अधिवेशन नागपूरला. शोधताना अधिवेशनाचं ठिकाण आणि ऋतू माहीत असला की खंड लवकर सापडतो. सूचीत सदस्यांची नावं आडनावानुसार असतात, ‘गोरे, श्रीमती मृणाल’ अशी. एकाच आडनावाचे दोन-तीन सदस्य एका सभागृहात असणं नेहमीचं, म्हणून कंसातला मतदारसंघ जुळवल्याशिवाय भाषण कुणाच्या नावावर मांडू नये.

तारांकित प्रश्नाचा, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या प्रश्नाचा, कागद नीट वाचायला शिकलात की अर्धं काम झालं. वर प्रश्नाचा क्रमांक आणि सदस्यांची नावं, मग ‘सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ ही ठरलेली ओळ, आणि खाली क्रमांकवार भाग. पहिल्या भागात घटना सांगून ‘हे खरे आहे काय’ असं विचारलेलं असतं. मधल्या भागात ‘असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय व त्यानुसार कोणती कार्यवाही केली’, आणि शेवटी जवळजवळ नेहमी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तरं त्याच क्रमानं येतात: ‘हे खरे आहे’, ‘हे खरे नाही’, ‘अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. यांतलं ‘अंशतः खरे आहे’ सगळ्यात मोलाचं. शासनाला पूर्ण नाकारता आलेलं नाही असा त्याचा अर्थ, आणि पुढच्या परिच्छेदात किती मान्य केलं ते दिलेलं असतं. आकडे तिथेच मिळतात.

प्रश्नांची संख्या मोजून आमदाराला गुण देण्याची पद्धत मला अपुरी वाटते. एका प्रश्नावर पाच-सात नावं असू शकतात. प्रश्न एकानं तयार केला आणि बाकीच्यांनी सह्या दिल्या असंही होतं. तोंडी उत्तरासाठी पुकारलाच गेला नाही तर प्रश्नाचं लेखी उत्तर पटलावर ठेवलं जातं, म्हणजे चर्चा झालेलीच नसते. म्हणून उपप्रश्न कुणी विचारले ते बघायचं. मूळ प्रश्न आधी लिहून देता येतो. उपप्रश्न मात्र मंत्र्याचं उत्तर ऐकून तिथल्या तिथे विचारावा लागतो, आणि त्यातून सदस्याची तयारी उघडी पडते. मुंबईच्या आमदारांची प्रगतिपुस्तकं प्रजा फाउंडेशन प्रसिद्ध करते, त्यांतली उपस्थिती आणि प्रश्नांची आकडेवारी उपयोगी आहे. ती हाताशी ठेवून मूळ कार्यवाही वाचावी, तिच्याऐवजी नाही.

प्रश्नांखेरीज नियम १०५ खालच्या लक्षवेधी, नियम २९३ खालच्या चर्चा, अर्धा तास चर्चा, अर्थसंकल्पावरच्या कपात सूचना आणि अशासकीय (मंत्री नसलेल्या सदस्यांनी मांडलेली) विधेयकं बघावीत. लक्षवेधीत मंत्री आधी निवेदन करतात आणि सदस्य मग प्रश्न विचारतात. इथे मंत्र्यांनी ‘तपासून घेऊ’ म्हटलं की ‘करू’ म्हटलं याची नोंद करावी. ‘करू’ म्हटलं असेल तर ते आश्वासन समितीकडे जातं आणि काही वर्षांनी समितीच्या अहवालात त्याचा निकाल सापडतो. एवढ्या लांब कुणी जात नाही, पण आमदारानं मिळवलेलं आश्वासन प्रत्यक्षात आलं का, हे सांगणारा कागद हाच.

आता ही फूटपट्टी मृणालताईंना लावून बघा. गोरेगाव मुंबई महापालिकेच्या हद्दीत आलं १९५७ मध्ये, म्हणजे हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली तेव्हा. वस्ती वाढत होती आणि नळ पोहोचत नव्हते. पाणी हा महापालिकेचा विषय, आणि १९६१ मध्ये त्या नगरसेवक झाल्या तेव्हा त्यांनी लावून धरला तो हाच. ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यातूनच आलं. म्हणजे प्रश्न महापालिकेचा होता आणि त्या महापालिकेतच होत्या.

१९७२ मध्ये त्या आमदार झाल्या. दुष्काळ, रेशन, तेल, साखर, रॉकेल हे विषय महापालिकेच्या हातातले नव्हते. पुरवठा राज्याकडे आणि केंद्राकडे होता. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते, कमल देसाई यांच्यासह त्या होत्या आणि लाटणं-थाळी घेऊन बायका रस्त्यावर आल्या. हा काळ वाचताना एका हातात वृत्तपत्रं आणि दुसऱ्या हातात कार्यवाही ठेवावी. मोर्चाची तारीख आणि सभागृहातल्या प्रश्नाची तारीख शेजारी मांडली की बाहेरचा दबाव आत कसा आणि किती दिवसांनी पोहोचला ते दिसतं. नुसता मोर्चा वाचला तर आंदोलक दिसते, नुसती कार्यवाही वाचली तर विरोधी सदस्य दिसते. आमदार समजण्यासाठी दोन्ही लागतं.

आणीबाणीत त्यांना तुरुंगात जावं लागलं. १९७७ च्या विजयानंतर ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा सगळ्यांच्या तोंडी झाली. घोषणा सगळ्यांना आठवते. माझ्या मते मात्र त्यांच्या कारकिर्दीचं सगळ्यात कमी वाचलं गेलेलं पान १९८५ नंतरचं आहे. गर्भलिंग चाचण्यांविरुद्ध मुंबईत चळवळ उभी होती, त्या काळात त्यांनी विधानसभेत हा विषय लावून धरला, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्रानं या चाचण्यांवर नियंत्रण आणणारा देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा आहे. याच विधानसभेत त्या विरोधी पक्षनेत्या झाल्या. १९८५ ते १९९० मध्ये हे पद शरद पवार, निहाल अहमद, दत्ता पाटील, मृणाल गोरे असं फिरत राहिलं, म्हणून ‘१९८५ पासून विरोधी पक्षनेत्या’ अशी सरसकट नोंद केली तर ती चुकेल. त्यांचा काळ १९८८-८९ चा. घरांच्या प्रश्नाचंही तेच. १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्यानं अतिरिक्त ठरलेली जमीन सामान्यांच्या घरांना मिळावी ही मागणी राज्य सरकारकडेच करता येत होती. नागरी निवारा परिषदेची दिंडोशीची वसाहत त्या लढ्यातून उभी राहिली. हा कायदा राज्यात २००७ मध्ये रद्द झाला, म्हणून त्यानंतरच्या आमदारांची तुलना या मुद्द्यावर त्यांच्याशी करू नये. नंतरच्यांच्या हातात ते हत्यारच नव्हतं.

आमदार निधीबाबतही काळ बघावा लागतो. आज प्रत्येक सदस्याला वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात. २०२० च्या आधी ते २ कोटी होते. कामांची यादी आमदार देतात, मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून होते. मुंबईत जिल्हे दोन: शहराचं कार्यालय फोर्टमध्ये, उपनगराचं वांद्रे पूर्वेला. उपनगर जिल्हा १९९० मध्ये वेगळा झाला, म्हणून त्याआधीची फाइल वांद्र्याला मिळेलच असं नाही. माहिती अधिकाराचा अर्ज करायचा तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत. ‘अमुक आमदारांच्या निधीची सर्व माहिती द्या’ असा अर्ज केलात तर तो मोघम म्हणून परत येण्याची शक्यता दांडगी. आर्थिक वर्ष लिहा, आणि कामाचं नाव, मंजूर रक्कम, खर्च झालेली रक्कम, अंमलबजावणी करणारी यंत्रणा आणि पूर्णत्वाचा दाखला असे रकाने स्वतःच आखून मागा. उत्तराला मुदत ३० दिवसांची, छायाप्रतीला पानाला २ रुपये. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर ३० दिवसांत २० रुपये भरून पहिलं अपील करायचं. मंजूर रक्कम आणि खर्च यांत तफावत दिसली म्हणून लगेच आरोप करू नये. आचारसंहिता लागली, जागेचं ना हरकत प्रमाणपत्र आलं नाही किंवा काम दुसऱ्या यंत्रणेकडे गेलं, अशी कारणं असतात. कारण विचारणारा दुसरा अर्ज करावा.

मालमत्ता आणि गुन्ह्यांची शपथपत्रं सर्वोच्च न्यायालयाच्या २००२-०३ च्या निकालांनंतर आली. त्याआधीच्या आमदारांसाठी हा कागद नाहीच. या शपथपत्राच्या नमुना २६ मध्ये स्थावर मालमत्तेची खरेदीची किंमत आणि सध्याची अंदाजे बाजारकिंमत वेगळी असते. मुंबईतल्या एका फ्लॅटची बाजारकिंमत पाच वर्षांत किती वाढते ते सर्वांना माहीत आहे. ‘संपत्ती दुप्पट’ म्हणण्याआधी नवी खरेदी कोणती झाली ते बघायला हवं.

वृत्तपत्रांचे जुने अंक मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या दादरच्या संदर्भ विभागात किंवा एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात चाळावेत. महाराष्ट्र टाइम्स जून १९६२ मध्ये सुरू झाला, म्हणून १९६१ च्या महापालिका निवडणुकीसाठी लोकसत्ता, नवाकाळ आणि आचार्य अत्र्यांचा मराठा मागवावा. जून १९७५ पासूनच्या अंकांवर सेन्सॉरशिपची छाया आहे. त्या महिन्यांत एखाद्या विरोधी आमदाराचं नावच येत नसेल तर तो गप्प होता असं समजू नये; आधी तो तुरुंगात होता का ते पाहावं.